पाझरतं म्हणून गार: साच्यातून निघालेली बिनझिलईची भांडी

उन्हाळा लागला की नवा माठ येतो. तो धुवायचा, रात्रभर भरून ठेवायचा आणि सकाळी त्याच्या पोटावरून हात फिरवून बघायचा. हात ओला झाला तर माठ चांगला. कोरडा राहिला तर घरातलं जाणतं माणूस लगेच निकाल देतं, "हा काही गार करायचा नाही." बादली गळली तर आपण वैतागतो, नळ गळला तर प्लंबरला फोन करतो. माठाने मात्र थोडं पाझरलंच पाहिजे, नाहीतर पैसे वाया गेले असं आपल्याला वाटतं.

हे एवढं लक्षात ठेवलं, तर संग्रहालयातल्या इस्लामी दालनात कोपऱ्यात ठेवलेल्या फिकट, मळकट रंगाच्या सुरयांकडे बघायची नजर बदलते. नवव्या ते चौदाव्या शतकात इजिप्त, सीरिया, इराक, इराण आणि मध्य आशिया या पट्ट्यातले कुंभार झिलईच्या कामात पटाईत होते. इराकमधल्या बसऱ्याच्या कुंभारांनी चिनी भांड्यांचा पांढरेपणा आणण्यासाठी कथलाची अपारदर्शक झिलई वापरली, तिच्यावर कोबाल्टची निळी नक्षी काढली, पुढे सोन्यासारखी चमक देणारी चित्रंही काढली. ज्यांना एवढं येत होतं, त्यांनी पाण्याच्या सुरया मात्र शतकानुशतकं उघड्या मातीच्या ठेवल्या. परवडत नव्हतं म्हणून ठेवल्या, अशी आपली पहिली समजूत होते. ती चुकीची आहे.

झिलई म्हणजे मातीवर चढवलेला काचेचा पातळ थर. काच चढली की मातीची सगळी छिद्रं बुजतात. तेल, लोणचं, मध, सरबत यासाठी ते उत्तमच. पाण्यासाठी मात्र अशी सुरई निरुपयोगी. दुपारच्या उन्हात तिच्यातलं पाणी हवेइतकंच कोमट होऊन बसणार. म्हणजे या भांड्यांवर झिलई चढवायची राहून गेली असं नाही. ती मुद्दाम चढवली नाही.

हिशेब सोपा आहे. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. उलट १ ग्रॅम पाण्याचं तापमान १ अंशाने उतरायला फक्त १ कॅलरी काढून घ्यावी लागते. सुरईच्या भिंतीतून झिरपलेलं पाणी बाहेर येतं, वारा लागून उडून जातं आणि जाताना लागणारी उष्णता भांड्यातल्या पाण्याकडून घेऊन जातं. शंभर भागांतला एक भाग असा उडाला, तर उरलेले नव्व्याण्णव भाग कागदावर जवळजवळ ६ अंशांनी गार होतात. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सतत आत येत असते, त्यामुळे एवढा फायदा पदरात पडत नाही. पण किती कमी खर्चात किती काम होतं, ते यावरून कळतं.

याला एक मर्यादा आहे, आणि ती हवेच्या दमटपणावर ठरते. ४० अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने पाणी फार तर २१ अंशांच्या आसपास उतरू शकतं. ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर २९ अंशांवर गाडी थांबते. विदर्भातल्या माणसाला माठाचं जेवढं कौतुक असतं तेवढं मुंबईकराला का नसतं, याचं उत्तर इथे आहे. बगदाद, निशापूर, मर्व, कैरो ही सगळी कोरड्या उन्हाळ्याची शहरं. तिथे उघड्या मातीच्या सुरईला तोडच नव्हती.

आता माती. कुठलीही माती भाजली की पाझरते असं नाही. भट्टी जास्त तापली तर मातीतले काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि छिद्रं बंद पडतात. कमी तापली तर भांडं ठिसूळ राहतं, पाण्यात मऊ पडतं. मधला पल्ला ढोबळमानाने ८०० ते १,००० अंशांचा, आणि त्यात नेमकं कुठे थांबायचं हे मातीप्रमाणे बदलतं. कुंभाराकडे तापमापक नव्हता. ज्वाळेचा रंग आणि बापजाद्यांचा अनुभव एवढंच. इजिप्तमध्ये तर दोन माती होत्या. नाईलच्या गाळाची माती भाजली की तांबूस-तपकिरी होते. वाळवंटाच्या कडेची चुनखडीयुक्त माती भाजली की फिकट, पिवळसर पांढरी होते. पाण्याच्या सुरयांसाठी ही दुसरी जास्त पसंत. वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमधलं केना हे गाव अशा फिकट सुरयांसाठी अलीकडच्या काळापर्यंत प्रसिद्ध होतं. इराकमध्ये मातीत चुना भरपूर, शिवाय मळायच्या पाण्यात मीठ असलं तर भांडं वाळताना ते पृष्ठभागावर येतं आणि भाजल्यावर वर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसते. ती साय काही भांड्यांवर आजही दिसते. वरून रंग दिला असावा असं वाटतं, पण ती मिठाची करामत.

पाझरणाऱ्या भांड्याची एक अडचण तुम्हालाही माहीत आहे. वर्ष-दोन वर्षांत त्याची छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, आणि मग माठ फक्त पाणी साठवायच्या कामाचा उरतो. म्हणून दर उन्हाळ्यात नवा लागतो. मध्ययुगीन शहरांतही हेच. सुरया सतत बनत होत्या, सतत फुटत होत्या आणि सतत फेकल्या जात होत्या. एकेका जुन्या शहराच्या ढिगाऱ्यातून बिनझिलईच्या खापऱ्यांचा खच निघतो तो त्यामुळे. पटापट आणि एकसारखं भांडं काढायची गरजही त्यातूनच येते. साचा इथे कामाला येतो.

मोदकाचा साचा आणि निशापूरची सुरई

साच्याचं काम समजून घ्यायला लांब जायला नको. मोदकाचा साचा उघडून आत बघा. ज्या रेषा मोदकावर उंच येतात, त्या साच्यात खोल असतात. पीठ आतून बोटाने दाबायचं म्हणजे ते प्रत्येक खाचेत बसतं. साचा उघडला की मोदक निघतो, आणि दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक शीर उठलेली असते. काही जण ती बोटाने पुसतात, काही तशीच ठेवतात. निशापूरची सुरई याच पद्धतीने बनायची. फरक एवढाच की मोदकाचा साचा उभा दुभंगतो आणि सुरईचा आडवा.

निशापूर हे ईशान्य इराणमधलं, खोरासान प्रांतातलं मोठं शहर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या तुकडीने १९३५ ते १९४० आणि पुन्हा १९४७ मध्ये तिथे उत्खनन केलं. वॉल्टर हाउजर, जोसेफ अप्टन आणि चार्ल्स विल्किन्सन हे त्यातले प्रमुख. झिलईच्या सुंदर ताटांबरोबर त्यांना बिनझिलईची भांडी मिळाली आणि ती घडवायचे मातीचे साचेही. मर्वला, म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानात, कुंभारवाड्यातल्या भट्ट्यांच्या परिसरात बाराव्या शतकाच्या आसपासचे असेच साचे निघाले. साचा सापडणं महत्त्वाचं, कारण भांडं व्यापाऱ्याबरोबर कुठेही जाऊ शकतं. साचा जिथे सापडतो तिथे ते भांडं बनत होतं असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

कुंभार आधी जाड भिंतीची, अर्ध्या नारळासारखी वाटी घडवायचा. ती थोडी सुकून चामड्यासारखी कडक झाली की आतल्या बाजूने नक्षी कोरायची. काही भाग टोकदार काडीने, काही छोट्या ठशांनी. मग वाटी भाजायची, झाला साचा. साचाही बिनझिलईचाच, आणि त्यालाही कारण आहे. भाजलेली उघडी माती ओल्या मातीतलं पाणी शोषून घेते. साच्यात दाबलेला ओला थर त्यामुळे कडेकडेने सुकतो, शंभरात पाच-सात भाग आकसतो आणि साच्यापासून आपणहून सुटतो. साच्याला झिलई असती तर माती चिकटून बसली असती. म्हणजे पाणी शोषणारी माती इथे दोनदा कामाला येते: एकदा सुरई घडवताना, एकदा सुरई वापरताना.

साचा चाकावर मधोमध बसवायचा, आत मातीचा गोळा टाकायचा, चाक फिरवत बोटांनी माती वर ओढत भिंतीवर दाबायची. बाहेरची बाजू साचा घडवतो आणि आतली बाजू बोटं. म्हणून या भांड्यांच्या आत गोल गोल वळ्या दिसतात. खालचा आणि वरचा असे दोन अर्धगोल तयार झाले की कडांना पातळ चिखल लावून ते जोडायचे. गळा चाकावर वेगळा काढून वर बसवायचा, कान म्हणजे मूठ हाताने वळून चिकटवायची. सांधा पोटाच्या सगळ्यात फुगीर भागावर येतो, नेमका जिथे लोकांचं लक्ष जातं तिथे. म्हणून तिथे एक साधी पट्टी ठेवायची, किंवा ओल्या हाताने गुळगुळीत करून टाकायचं.

नक्षीचं स्वरूप ही पद्धतच ठरवते. साच्यात काडीने टोचून खळगा करायला क्षण लागतो. भांड्यावर त्याचा उठलेला मणी होतो. असे शेकडो मणी पार्श्वभूमीला भरता येतात, आणि ते पितळेच्या भांड्यावर ठोकून केलेल्या बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. बाराव्या शतकातल्या खोरासानमध्ये, विशेषतः हेरातला, धातूकाम ऐन भरात होतं: कोरलेली, चांदी-तांबं जडवलेली सुरई हे श्रीमंत घराचं भांडं. पळणाऱ्या प्राण्यांची रांग, वेलबुट्टी, उठावाची अक्षरं हे सगळं मातीच्या सुरईवरही येतं. ही निव्वळ नक्कल होती असं मी म्हणणार नाही. धातूच्या भांड्याची ऐट मातीत मिळत होती, आणि शिवाय धातूचं भांडं जे कधीच करू शकत नाही ते, म्हणजे पाणी गार करणं, हेही होत होतं.

साच्याची एक खोड मात्र आहे. साच्यातल्या खाचा आतल्या बाजूला रुंद झाल्या, तर माती अडकते आणि सुटताना तुटते. म्हणून नक्षीच्या कडा नेहमी उतरत्या, कुठेही खाली कोरलेली पोकळी नाही. आणि तयार भांड्यावरून चोरून नवा साचा काढला, तर तो मूळ साच्यापेक्षा लहान भरतो, कारण भांडं मधल्या काळात आकसलेलं असतं. त्या साच्यातून निघालेलं भांडं आणखी लहान, त्यावरची रेष आणखी बोथट. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं. एकाच नक्षीची तीन भांडी वेगवेगळ्या आकाराची आणि क्रमाने पुसट होत गेलेली मिळाली, तर अभ्यासकाला त्यांचा क्रम लावता येतो.

उलटी अक्षरं

पेढ्यावर नाव उठवणारा लाकडी ठसा बघितला असेल तर कळेल, त्यावर नाव उलटं कोरावं लागतं. अरबी लिपी मुळातच उजवीकडून डावीकडे; साच्यात ती डावीकडून उजवीकडे, आरशातल्यासारखी खोदायची. त्यातून ती कूफी वळणाची, उभ्या दांड्यांची, कधी पानाफुलांची टोकं फुटलेली. कोरणाऱ्याला वाचता येत असेल तर नीट. नसेल तर तो नमुना बघून आकार काढणार, आणि एखादं अक्षर सुलटं खोदलं गेलं की भांड्यावर ते उलटं उमटणार. एक चूक आणि मग त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक सुरईवर तीच चूक.

लिहिलेलं असतं काय? बहुतेक वेळा शुभेच्छा. ‘बरका’, म्हणजे कृपा, आशीर्वाद. ‘बरका लि-साहिबिही’, याच्या मालकाचं कल्याण होवो. मालक कोण हे साच्याला माहीत नाही; जो विकत घेईल तो. आधीच छापून ठेवलेला आशीर्वाद, लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखा. पाण्याच्या भांड्यावर कधी ‘इश्रब हनीअन’ असंही येतं: पी, तुला ते मानवो.

क्वचित एखादं नाव मिळतं. दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात अब्बासी खलिफांच्या काळातली एक बिनझिलईची, उठावाच्या नक्षीची सुरई आहे. तिच्यावरच्या लेखाचा आशय असा: ही इब्राहिम ख्रिस्त्याने हीरा इथे, अमीर-उल-मोमिनीनच्या (म्हणजे खलिफाच्या) मुलासाठी, अमीर सुलेमानसाठी घडवली. हीरा हे इराकमधलं जुनं अरब ख्रिस्ती शहर. दोन गोष्टी इथे एकदम कळतात. ‘इस्लामी भांडी’ हा शब्द आपण वापरतो तो मुस्लिम राजवटीखालच्या प्रदेशातली भांडी एवढ्याच अर्थाने. चाकावर बसलेला माणूस कोणत्याही धर्माचा असू शकत होता. आणि खलिफाच्या मुलाला द्यायची सुरईसुद्धा उघड्या मातीची चालत होती. गरिबांची भांडी म्हणून त्यांना नाव ठेवणाऱ्यांनी हा लेख दोनदा वाचावा.

गळ्यात लपवलेली जाळी

आता कैरोकडे, खरं तर त्याच्या आधीच्या फुस्तातकडे. हे शहर ६४१ च्या सुमारास अरब सेनापती अम्र इब्न अल-आसने वसवलं. ११६८ मध्ये क्रुसेडरांच्या, म्हणजे धर्मयुद्धावर आलेल्या ख्रिस्ती सैन्याच्या हाती पडू नये म्हणून वजीर शावरने त्याला आग लावायला लावली असं इतिहासकार लिहितात. पुढे शेजारच्या कैरोचा कचरा शतकानुशतकं तिथे पडत राहिला. शहराच्या दृष्टीने दुर्दैव. पुरातत्त्वाच्या दृष्टीने घबाड. अली बहगत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि जॉर्ज स्कॅनलन यांनी १९६४ पासून तिथे खोदकाम केलं. त्यातून निघालेल्या वस्तूंत माझ्या सर्वांत आवडीची वस्तू आहे ती बिस्किटाएवढी मातीची एक चकती.

इजिप्तमधल्या लहान सुरईला ‘कुल्ला’ म्हणतात. तिच्या पोटाला गळा जिथे मिळतो तिथे आत एक आडवी मातीची जाळी असते. तिचं नाव ‘शुब्बाक’, म्हणजे खिडकी. काम अगदी साधं: किडा-मुंगी आत जाऊ नये, आणि सुरई कलवली की पाणी भसकन अंगावर न येता धारेने यावं. चार भोकं पाडली असती तरी भागलं असतं. पण या चकत्यांवर सुरीने आणि टोच्याने पक्षी, मासे, ससे कापलेले आहेत. तारे, गुंफलेल्या पट्ट्या, अक्षरं आहेत. मागची जमीन लेससारखी बारीक भोकांची, मधला मासा भरीव, आणि त्याच्या अंगावर खवल्यांच्या चिरा. ही साच्याची कामं नव्हेत. ओलसर चकतीवर एकेक भोक हाताने पाडलेलं आहे. बाहेरून सुरई बहुधा अगदी साधी. जाळी दिसते ती फक्त तोंडातून आत डोकावलं तर. म्हणजे पाणी पिण्याच्या आधीचा एक क्षण, आणि तोही एकट्या पिणाऱ्याला.

काही जाळ्यांवर छोटी बोधवाक्यं आहेत. त्यांतलं एक ‘मन सबर कदर’: जो धीर धरतो त्याला साधतं. अभ्यासक याचा अर्थ नीतिवचन म्हणून लावतात आणि तो बरोबरच असेल. मला मात्र त्यात कुंभाराची थट्टाही दिसते. जाळीतून पाणी हळूहळूच येणार. तहानलेल्या माणसाला आणखी काय सांगणार?

अशा नाजूक चकत्या एवढ्या संख्येने टिकल्या कशा, हा प्रश्न मलाही पडला होता. सुरईची पातळ भिंत फुटून तिचे तुकडे होतात. जाळी लहान, सगळीकडून गळ्याने धरलेली, म्हणून ती बऱ्याचदा अखंड राहते. आणि ज्याने त्या जमवल्या त्याला बाकीच्या खापरांपेक्षा त्या उचलाव्याशा वाटल्या, हेही खरं. आज कैरोच्या इस्लामी कला संग्रहालयात त्यांचा मोठा साठा आहे, लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आणि अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयातही आहेत.

याच फुस्तात-कैरोला इराणी प्रवासी नासिर खुस्रो १०४७ मध्ये पोहोचला. त्याने ऐकीव म्हणून लिहून ठेवलंय की शहराला पाणी वाहून आणायला ५२,००० उंट होते. एक बाई तांब्याच्या पाच हजार चकचकीत घागरी बाळगून होती आणि त्या महिन्याला एक दिरहम भाड्याने द्यायची, असंही त्याने ऐकलं. आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. भाड्याने घ्यावी लागते ती तांब्याची घागर. मातीची कुल्ला फुटली तर दुसरी आणायची. बाजारात दुकानदार मालाबरोबर मातीचं किंवा काचेचं भांडंही देतात, गिऱ्हाइकाने घरून काही आणावं लागत नाही, ही त्याची नोंद मला जास्त बोलकी वाटते.

रांजण आणि चंबू

लहान सुरई झाली. मोठ्या भांड्याचं नाव ‘हिब्ब’. आपल्या रांजणासारखं, लाकडी किंवा दगडी तिवईवर ठेवायचं. खालून ठिबकणारं पाणी वेगळ्या भांड्यात धरायचं. गाळ वर राहतो, खाली निवळ पाणी मिळतं. इराकमध्ये या ठिबकलेल्या पाण्याला ‘नागूत’ म्हणत आणि विसाव्या शतकातही ते पीत. कैरोत संगमरवरी घडवंच्या असत, पुढे छोटी कुंडी कोरलेली, ठिबकलेलं पाणी तिच्यात जमायचं. उत्तर इराकमधलं मोसुल आणि आसपासच्या जझीरा भागातल्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या हिब्बांवर साचा नाही. पातळ माती मेंदीच्या कोनासारखी सोडून वेलबुट्टी काढलेली, वर हाताने चिकटवलेले सिंह आणि माणसांचे चेहरे. सगळी नक्षी वरच्या अर्ध्या भागात, कारण खालचा तिवईत लपणार.

मामलुक सुलतानांच्या सीरियात, तेराव्या ते पंधराव्या शतकात, साच्याने आणखी एक आकार घडवला. दोन बशा तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा चपटा चंबू, वर आखूड गळा, दोन कान. कानांतून दोरी ओवून खांद्याला अडकवायचा. संग्रहालयांच्या भाषेत हे ‘यात्रेकरूंचे चंबू’, पण घेणारा दर वेळी यात्रेलाच निघाला असेल असं नाही. दोन्ही चपट्या बाजूंवर वर्तुळात नक्षी, आणि काहींवर मामलुक अमिरांची चिन्हं. हे अमीर म्हणजे सुलतानाच्या पदरी चढत गेलेले गुलाम-सैनिक; ज्याने जी चाकरी केली तिचं चिन्ह तो पुढे मिरवायचा. पेला म्हणजे साकी (पेला भरून देणारा), तलवार म्हणजे सिलाहदार (शस्त्रं सांभाळणारा), चौकट आकाराचा रुमाल म्हणजे जामदार, दौत-कलमदान म्हणजे दवादार (दौत सांभाळणारा). मराठी वाचकाला इथे थबकायला हवं. शिलेदार आणि जामदार ही आपली आडनावं याच फारसी पदनामांतून आली. जामा म्हणजे वस्त्र, ते सांभाळतो तो जामदार. दौत आपण परवापरवापर्यंत वापरत होतो. आणि ‘सुरई’ हा शब्दही फारसीतूनच आपल्याकडे आला, भांड्यासकट.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर कुणीतरी विचारेलच. याच काळात, याच प्रदेशात, मुठीत मावणारी, जाड भिंतीची, खाली निमुळती होणारी छोटी भांडी ढिगाने सापडतात. झिलई नाही, वर बहुतेकदा ठशांची नक्षी. पण ती खूप कडक भाजलेली असतात आणि बिलकूल पाझरत नाहीत. ती कशासाठी, यावर शंभरेक वर्षं वाद चालू आहे: पारा ठेवायला, अत्तराला, औषधाला, फसफसणारं पेय भरायला, की पेटवून शत्रूवर फेकायला? जेरुसलेमहून मिळालेल्या चार तुकड्यांतल्या अंशांचं रासायनिक पृथक्करण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात एकात स्फोटक मिश्रण असावं असा अंदाज निघाला. बाकीच्यांत तेल, औषध, सुगंधी द्रव्य यांसारखं काही. मला वाटतं, प्लास्टिकच्या बाटलीत काय भरतात असं विचारण्यासारखा हा प्रश्न आहे.

सिंधपर्यंत

ही साच्याची परंपरा भारतीय उपखंडापर्यंत पोहोचली होती. कराचीजवळच्या बनभोरला, जे अनेकांच्या मते अरबांनी जिंकलेलं देबल बंदर, एफ. ए. खान यांच्या १९५८ नंतरच्या उत्खननात साच्यातली बिनझिलईची भांडी मिळाली, साच्यांचे तुकडेही. तिथल्या मशिदीचा एक शिलालेख ७२७ सालचा आहे, म्हणजे वस्ती बरीच आधीची. अशीच भांडी आतल्या भागात ब्राह्मणाबाद-मन्सुरा इथेही. या दुसऱ्या जागेची पहिली खोदाई १८५४ मध्ये बेलासिस नावाच्या, मुंबई इलाख्यातल्या एका मुलकी अधिकाऱ्याने केली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे या उद्ध्वस्त शहराचा वृत्तांत मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. सापडलेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या.

आपल्या किनाऱ्यावर जे आलं ते वेगळं. घारापुरीला आणि संजाणला पश्चिम आशियातल्या लांबुळक्या रांजणांची खापरं सापडतात, टोक खाली निमुळतं, आतून डांबराचा लेप. तेही बिनझिलईचेच; पण जहाजातून दारू किंवा तेल आणायचं तर ते पाझरून कसं चालेल? म्हणून डांबर.

यापुढे कधी संग्रहालयात अशी सुरई दिसली, तर नक्षी बघून झाल्यावर जरा वाकून बघा. पोटाच्या मध्यावर सांध्याची रेघ सापडते का? नक्षीची रांग तिथे नीट जुळली आहे की अर्धा ससा वर आणि अर्धा खाली सरकलाय? मणी टोकदार आहेत की झिजून गुळगुळीत, म्हणजे साचा नवा होता की शेकड्यांनी भांडी काढून थकलेला? फुटकी असेल तर फारच उत्तम. तुकड्याची आतली बाजू दिसत असेल, तर तिथे बोटांच्या वळ्या दिसतील, आणि सांध्याजवळ माती दाबून बसवताना उमटलेले अंगठ्याचे खोलगट खळगे. गळा अरुंद असल्यामुळे सुरई धड असेपर्यंत ते कुणालाच दिसत नव्हते.